दारातला निरोप घरात कसा पोचतो?

१. टोचलेलं इन्सुलिन जातं कुठे?

मधुमेहावर कुठेही बोललं, की शेवटी एक प्रश्न येतोच. विचारणारी व्यक्ती बहुतेक वेळा स्वतः रोज पोटावर सुई टोचून घेत असते. "हे इन्सुलिन पेशीत शिरतं आणि तिथली साखर जाळतं, असंच ना?"

तसं नाही. इन्सुलिन साखर जाळत नाही, आणि आपलं काम करायला त्याला पेशीत शिरावंही लागत नाही. स्नायूच्या किंवा चरबीच्या पेशीच्या बाहेरच्या अंगावर एक प्रथिन असतं. इन्सुलिन येऊन त्याला चिकटतं, आणि थोड्याच मिनिटांत पेशीच्या आतून साखरेची दारं वर येऊन बसतात. रक्तातली साखर त्यांतून आत जाते. पुढे इन्सुलिनलाही पेशी आत ओढून घेते, पण ती त्याला मोडीत काढण्यासाठी. निरोप त्याआधीच पोचलेला असतो.

मग खरा प्रश्न उभा राहतो. उंबऱ्याबाहेर कोणी येऊन उभं राहिलं, ते आत आलंच नाही, तर माजघरातल्या माणसाला कळलं कसं? १९८०च्या सुमारास याचं नीट उत्तर कोणाकडेच नव्हतं. पुढच्या पंधराएक वर्षांत ते सापडलं, आणि सापडलं ते अशा प्रथिनांच्या रूपात, ज्यांना स्वतःला कसलीच रासायनिक करामत येत नाही. त्यांना ॲडॅप्टर प्रथिनं म्हणतात. या प्रकरणात त्यांचीच ओळख करून घ्यायची आहे.

२. उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना असलेलं प्रथिन

पेशीभोवती तेलकट रेणूंचं एक पातळ पटल असतं. ते इतकं पातळ असतं, की वहीच्या एका कागदाच्या जाडीत अशी दहा ते वीस हजार पटलं मावतील. तरी पाण्यात राहणाऱ्या मोठ्या रेणूंना ते ओलांडता येत नाही. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं, पाण्यात रमणारं प्रथिन. या तेलातून पार होणं त्याच्या आवाक्याबाहेरचं.

म्हणून पेशीने पटलात आरपार खोवलेली प्रथिनं ठेवलेली असतात. त्यांना ग्राही म्हणतात. ग्राहीचं एक टोक बाहेर, एक बारीकसा भाग पटलात आणि एक लांब शेपूट आत. बाहेरचं टोक फार चोखंदळ असतं. इन्सुलिनचा ग्राही इन्सुलिन ओळखतो, वाढीच्या संदेशाचा ग्राही वाढीचा संदेश ओळखतो.

वाढीच्या संदेशाचं उदाहरण आपल्याला पुढे वारंवार लागणार आहे, म्हणून त्याची हकीकत इथेच सांगतो. स्टॅनली कोहेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क उंदराच्या नवजात पिल्लांना टोचला. पिल्लांचे डोळे एरवी बारा-चौदा दिवसांनी उघडतात, ते आठवडाभरातच उघडले. पापण्यांच्या त्वचेच्या पेशी घाईने वाढल्या होत्या. त्या अर्कातल्या प्रथिनाला 'ईजीएफ' हे नाव मिळालं, त्याच्या ग्राहीला 'ईजीएफ ग्राही'. या कामासाठी कोहेन यांना रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्याबरोबर १९८६चं नोबेल मिळालं.

ईजीएफ येऊन चिकटलं, की पटलात सुटे फिरणारे दोन ग्राही एकमेकांच्या शेजारी येतात. बाहेर एवढंच घडतं. आता आत काय होतं ते पाहू.

३. शेपटीवरच्या खुंट्या

ग्राहीची आतली शेपूट हे एक विकरही असतं, म्हणजे एन्झाइम. त्याचं काम एकच, प्रथिनांवर फॉस्फेटचा गट चिकटवणं. दोन ग्राही शेजारी आले, की प्रत्येक जण दुसऱ्याच्या शेपटीवर फॉस्फेट लावतो. हे फॉस्फेट कुठेही लागत नाही, ते टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लावर लागतं. शेपटीवर टायरोसिनच्या अनेक जागा असतात. भिंतीत आधीच भोकं पाडून ठेवलेली असावीत आणि पाहुणे येताच त्यांत खुंट्या ठोकल्या जाव्यात, तसा हा प्रकार आहे. निरोप नसताना भिंत गुळगुळीत, निरोप येताच खुंट्याच खुंट्या.

टायरोसिनवर फॉस्फेट लागू शकतं हे कळण्यात एका शिळ्या द्रावणाचा वाटा आहे. १९७९ साली कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर एका विषाणूच्या प्रथिनावर काम करत होते. तोवर सेरीन आणि थ्रिओनिन या दोनच अमिनो आम्लांवर फॉस्फेट लागतं असं मानलं जाई. हंटर यांनी ही अमिनो आम्लं एकमेकांपासून वेगळी करण्याच्या प्रयोगासाठी जुनंच द्रावण पुन्हा वापरलं. वापरून वापरून त्याची आम्लता थोडी वाढली होती. नव्या द्रावणात टायरोसिनचा ठिपका थ्रिओनिनच्या ठिपक्यात मिसळून गेला असता, या द्रावणात तो वेगळा पडला. पेशीत फॉस्फेट लागलेली जेवढी अमिनो आम्लं असतात, त्यांत टायरोसिनचा वाटा हजारात एकही नसतो. इतकी दुर्मीळ गोष्ट दिसली आणि त्यांनी ती चूक म्हणून फेकून दिली नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं.

४. कोंबडीच्या विषाणूने टाकलेलं कोडं

खुंट्या ठोकल्या गेल्या, पण त्यांचं पुढे काय? या प्रश्नावर उजेड पडला तो कोंबड्यांच्या गाठींमुळे.

कोंबडीला गाठ करणारा एक विषाणू न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन रूस यांनी १९११ मध्येच दाखवून दिला होता. पुढे कळलं, की त्या विषाणूत 'सार्क' नावाचं एक विकर असतं आणि ते टायरोसिनवर फॉस्फेट लावत सुटतं. पेशीत नको तितक्या खुंट्या, म्हणून बेबंद वाढ. इथवर सगळं सरळ होतं.

१९८६ साली कॅनडात टोनी पॉसन आणि त्यांचे सहकारी अशाच दुसऱ्या एका विषाणूच्या प्रथिनाचे तुकडे तपासत होते. विकराच्या मुख्य भागाबाहेर, सुमारे शंभर अमिनो आम्लांचा एक तुकडा त्यांना महत्त्वाचा वाटला. तो सार्कमध्येही होता. त्याला 'एसएच-२' म्हणू लागले, म्हणजे सार्कशी साम्य असलेला दुसरा भाग.

दोन वर्षांनी, १९८८ मध्ये, रूस यांच्याच संस्थेत ब्रूस मेयर आणि हिदेसाबुरो हानाफुसा यांना कोंबडीच्या आणखी एका विषाणूत 'क्रक' हे प्रथिन सापडलं. क्रक पेशीत असलं, की टायरोसिनवरचं फॉस्फेट वाढे आणि पेशी बिघडत. साहजिकच सर्वांना वाटलं, हेही फॉस्फेट लावणारं विकर असणार. पण क्रकमध्ये विकराचा भागच नव्हता. होता तो एसएच-२, आणि त्याच्याबरोबर 'एसएच-३' नावाचा आणखी एक छोटा तुकडा. ना हत्यार, ना हातात कौशल्य, तरी पेशीत एवढी उलथापालथ.

कोडं सुटलं ते असं. एसएच-२ हा खुंटीवर अडकणारा हात आहे. टायरोसिनवर फॉस्फेट लागलं, की तो तिथे घट्ट बसतो आणि फॉस्फेट निघालं, की सुटतो. क्रक स्वतः काही करत नव्हतं. ते करणाऱ्यांना एकत्र आणत होतं.

लग्न जुळवणारा मध्यस्थ आठवा. तो मंत्र म्हणत नाही, जेवण रांधत नाही, बोहल्यावरही उभा राहत नाही. दोन घरं एकमेकांसमोर बसवणं एवढंच त्याचं काम. ॲडॅप्टर प्रथिनं पेशीतले असे मध्यस्थ आहेत.

५. मारुतीच्या देवळापासून दुसरं घर

इथे चौकस वाचक विचारेल, की एवढ्या खुंट्या आणि एवढे हात असताना कोणता हात कुठल्या खुंटीवर, याचा गोंधळ होत नाही का? माणसाच्या सुमारे ११० प्रथिनांमध्ये एसएच-२ हात आहे. ते सगळे फॉस्फेट लागलेलं टायरोसिनच शोधतात.

गावात पत्ता सांगताना आपण म्हणतो, "मारुतीच्या देवळापाशी या, तिथून उजवीकडे दुसरं घर." एसएच-२ हात असाच पत्ता वाचतो. देऊळ म्हणजे फॉस्फेट लागलेलं टायरोसिन. त्यासाठी हाताला एक खोल खळगा असतो आणि खळग्याच्या तळाशी धन प्रभार असलेलं आर्जिनिन हे अमिनो आम्ल. ते ऋण प्रभाराच्या फॉस्फेटला पकडतं. सेरीनवरही फॉस्फेट असतं, पण सेरीन आखूड पडतं, त्याचं फॉस्फेट तळापर्यंत पोचतच नाही. म्हणजे देवळाची खात्री पटली.

मग घरं मोजायची. प्रथिनाची साखळी जशी पुढे जाते, तशी टायरोसिननंतर पहिलं, दुसरं, तिसरं अमिनो आम्ल कोणतं हे हात चाचपतो. दोन खरी उदाहरणं घेऊ.

ईजीएफ ग्राहीच्या शेपटीवर १०६८ क्रमांकाचं टायरोसिन आहे. त्याच्यापुढे क्रमाने येतात आयसोल्युसिन, ॲस्पॅराजिन, ग्लुटामिन. 'जीआरबी-२' नावाच्या ॲडॅप्टरचा नियम असा, की देवळापासून दुसरं घर ॲस्पॅराजिनचं हवं. इथे ते आहे, म्हणून जीआरबी-२ इथे बसतं.

इन्सुलिनच्या निरोपात येणाऱ्या एका प्रथिनावर दुसराच पत्ता दिसतो. टायरोसिन, मग मेथिओनिन, प्रोलिन आणि पुन्हा मेथिओनिन. दुसरं घर प्रोलिनचं, म्हणजे जीआरबी-२ परत फिरणार. पण 'पीआय-३ कायनेज' नावाच्या विकराच्या हाताला तिसरं घर मेथिओनिनचं लागतं. ते इथे आहे, म्हणून तो हात इथे बसतो. नियम एवढा साधा आहे, आणि त्यामुळेच एका निरोपातून पेशी वाढू लागते तर दुसऱ्यातून साखर आत घेते.

६. तीन तुकड्यांचा मध्यस्थ

आता जीआरबी-२ जवळून पाहू. ते २१७ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रथिन आहे. मधोमध एक एसएच-२, दोन्ही टोकांना एकेक एसएच-३. बस्स, चौथी गोष्ट त्यात नाही. १९९२ मध्ये योसेफ श्लेसिंगर यांच्या चमूने ते माणसात शोधून काढलं.

मधल्या हाताचं काम आपण पाहिलं, तो ग्राहीच्या खुंटीवर अडकतो. टोकांचे एसएच-३ हात वेगळी वस्तू धरतात. त्यांना प्रोलिन या अमिनो आम्लाने भरलेले पट्टे आवडतात, आणि त्यासाठी फॉस्फेटची गरज नसते. असे पट्टे 'सॉस' नावाच्या प्रथिनाच्या शेपटीवर आहेत. त्यामुळे जीआरबी-२ अनेकदा सॉसला आधीपासूनच हाताशी धरून पेशीच्या आत फिरत असतं. ग्राहीवर खुंटी ठोकली गेली, की जीआरबी-२ तिथे अडकतं आणि त्याच्याबरोबर सॉसही पटलापाशी येतं.

पटलापाशी सॉसची वाट पाहणारं प्रथिन म्हणजे 'रास'. ते स्निग्ध शेपटीने पटलाच्या आतल्या अंगाला बांधलेलं असतं. रास हा पेशीचा एक खटका आहे. त्याच्या मुठीत जीडीपी हा वापरून झालेला रेणू असला, की खटका बंद. जीटीपी हा भरलेला रेणू असला, की चालू. मूठ आपणहून फार सावकाश उघडते. सॉस ती उघडतं. जीडीपी गळून पडतो आणि पेशीत जीटीपी मुबलक असल्यामुळे रिकामी जागा तोच घेतो. खटका चालू झाला. पुढे राफ, मेक आणि अर्क ही तीन विकरं एकामागून एक जागी होतात, अर्क केंद्रकात जातं आणि वाढीची जनुकं वाचली जाऊ लागतात. ईजीएफ दाराशी आल्यापासून इथवर यायला काही मिनिटं पुरतात.

७. नुसतं जवळ आणून असं किती होणार?

मला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे जरा थांबू या. वाचकाला शंका येईल, की सॉस तर पेशीत आधीपासून होतंच आणि रासही होतं. फक्त जागा बदलली. एवढ्याने काय बिघडलं?

कागद-पेन्सिल घेऊन बघू. पेशी म्हणजे १० मायक्रोमीटर त्रिज्येचा चेंडू धरा. त्याचं घनफळ सुमारे ४,२०० घन मायक्रोमीटर. सॉस पेशीभर फिरत असताना त्याला एवढी सगळी जागा मोकळी असते. आता त्याला पटलालगतच्या १० नॅनोमीटर, म्हणजे ०.०१ मायक्रोमीटर जाडीच्या थरात आणून ठेवा. चेंडूचं पृष्ठफळ सुमारे १,२५७ चौरस मायक्रोमीटर, त्याला ०.०१ने गुणलं, की थराचं घनफळ येतं सुमारे १२.६. आता ४,२०० भागिले १२.६. उत्तर ३३३.

सॉसचा एकही रेणू वाढला नाही, त्याची ताकद वाढली नाही, पण रासच्या शेजारी त्याची दाटी तीनशेपटींहून अधिक झाली. जत्रेच्या मैदानात चुकामूक झालेली दोन माणसं तासन्‌तास भेटत नाहीत. तीच दोघं घराच्या ओसरीवर आणून बसवली, तर भेट टळणार कशी?

हे नुसतं कागदी गणित नाही. १९९४ मध्ये याची थेट परीक्षा झाली. संशोधकांनी सॉसला कृत्रिम रीतीने पटलाला चिकटून राहील असं केलं. बाहेरचा निरोप नव्हता, ग्राहीवर खुंटी नव्हती, तरीही रासचा मार्ग चालू झाला. सॉसला योग्य ठिकाणी नेऊन ठेवलं, की निरोप पूर्ण होतो हे त्यातून सिद्ध झालं.

८. अळीला चाललेलं माणसाचं जनुक

जीआरबी-२ माणसात सापडलं, त्याच वर्षी अमेरिकेत एमआयटीमध्ये रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेने मिलिमीटरभर लांबीच्या सी. एलिगन्स या सूत्रकृमीत त्याचं भावंड शोधलं. तिथे ते बिघडलं, तर कृमीच्या शरीरात अंडी घालण्याची वाट नीट तयार होत नाही. फळमाशीतही तेच मध्यस्थ निघालं. माशीच्या डोळ्यातल्या प्रत्येक भिंगाखाली आठ प्रकाशपेशी असतात. त्यांतली सातवी घडण्यासाठी हाच ग्राही-मध्यस्थ-सॉस-रास असा क्रम लागतो. सॉस हे नावही माशीवाल्यांनी दिलेलं, 'सातवी नसलेलीचा मुलगा' अशा अर्थाच्या शब्दांची ती आद्याक्षरं आहेत.

१९९३ मध्ये बिघडलेल्या सूत्रकृमीला माणसाचं जीआरबी-२ जनुक देऊन पाहिलं. ते चाललं.

९. मध्यस्थ हरवला, मध्यस्थ भलत्यालाच भेटला

सगळे ॲडॅप्टर फॉस्फेटच्या खुंट्या शोधत नाहीत. जिवाणूंची चाहूल घेणारे 'टोल' ग्राही आपल्या संरक्षक पेशींवर असतात. त्यांचा मध्यस्थ 'मायडी-८८'. ग्राहीच्या शेपटीचा आणि मायडी-८८चा एक भाग सारख्याच घडणीचा असतो, आणि ते एकमेकांत बसतात. मग मायडी-८८चे रेणू एकावर एक रचले जातात, त्यांवर पुढची विकरं रचली जातात आणि दाह सुरू करण्याचा हुकूम सुटतो.

२००८ मध्ये अशा नऊ मुलांची नोंद प्रसिद्ध झाली, ज्यांच्यात मायडी-८८ जन्मतःच काम करत नव्हतं. त्यांना पू करणाऱ्या ठरावीक जिवाणूंचा जिवावर बेतणारा संसर्ग पुन्हा पुन्हा होई. बाकीच्या बहुतेक जंतूंशी मात्र ती मुलं इतरांसारखीच लढत, आणि वय वाढेल तसा धोकाही ओसरत जाई. त्यांचे ग्राही शाबूत होते, विकरं शाबूत होती. मधला दुवा नव्हता.

उलटही घडतं. रक्ताच्या एका दीर्घकालीन कर्करोगात, सीएमएलमध्ये, दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन 'बीसीआर-एबल' हे विचित्र प्रथिन तयार होतं. ते स्वतःच्याच १७७ क्रमांकाच्या टायरोसिनवर फॉस्फेट लावून घेतं. त्यानंतरची घरं पाहा: व्हॅलिन, मग ॲस्पॅराजिन. देवळापासून दुसरं घर ॲस्पॅराजिनचं! जीआरबी-२ बिचारं पत्ता वाचून तिथे जातं, सॉसला घेऊन जातं आणि कोणी न पाठवलेला वाढीचा निरोप अखंड चालू राहतो. उंदरांवरच्या प्रयोगात ती एक खुंटी बदलली, तेव्हा सीएमएलसारखा आजार उद्भवला नाही. २००१ पासून या रोगावर मिळणारं इमॅटिनिब हे औषध खुंट्या ठोकणारं विकरच बंद करतं. खुंटी नाही, म्हणून जीआरबी-२ला अडकायला जागा नाही.

१०. पुन्हा इन्सुलिनकडे

सुरुवातीच्या प्रश्नाला आता पूर्ण उत्तर देता येईल. इन्सुलिन ग्राहीला चिकटतं. ग्राही आत 'आयआरएस' नावाच्या मोठ्या ॲडॅप्टरला बोलावतो आणि त्याच्या अंगावर अनेक ठिकाणी फॉस्फेटच्या खुंट्या ठोकतो. पाचव्या भागात मेथिओनिनचं तिसरं घर पाहिलं, ते याच प्रथिनावरचं. तिथे पीआय-३ कायनेज येऊन बसतं, ते पटलातल्या एका स्निग्ध रेणूवर खूण करतं, त्या खुणेवर 'एकेटी' हे विकर जागं होतं आणि पेशीच्या पोटात पिशव्यांत ठेवलेली 'ग्लूट-४' ही साखरेची दारं पटलावर येऊन बसतात.

लठ्ठपणात आणि सततच्या दाहात आयआरएसच्या सेरीनांवर नको ती फॉस्फेटं चढतात, मग टायरोसिनवरच्या खुंट्या नीट ठोकल्या जात नाहीत. इन्सुलिन दारात उभं असतं, ग्राहीही असतो, पण निरोप आत क्षीण होत जातो. टाइप-२ मधुमेहातल्या इन्सुलिन-रोधाचं हे एक महत्त्वाचं कारण आहे. भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे.

ज्यांचा मध्यस्थ असा थकला आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. स्नायू आकुंचन पावतो, तेव्हा ग्लूट-४ची दारं दुसऱ्याच वाटेने पटलावर येतात. त्या वाटेवर इन्सुलिनही लागत नाही आणि आयआरएसही लागत नाही. सुई किंवा गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नका, पण जेवण झालं, की पंधरा-वीस मिनिटं चालून या.